ग्रंथालयाची ऑनलाइन सूची करताना नावे, सनावळी आणि लिप्या कशा नोंदवाव्यात?

ओसरी | १४ जून, रात्री ९.१०

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी सहा वर्षे काम करत आहे. आमच्या दाखल नोंदवहीत साडेअकरा हजारांच्या आसपास पुस्तके आहेत आणि त्यांतली दोनएक हजार जुन्या घराण्यांनी देणगी म्हणून दिलेली, पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनची आहेत. गेल्या तीन वर्षांत गावातल्या मुलामुलींनी सुट्टीत बसून ही सर्व नोंदवही एक्सेलमध्ये उतरवली. दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत आणि कपाट असे सात रकाने आम्ही ठेवले. ही यादी ऑनलाइन करावी, म्हणजे मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आमच्या माणसांनाही घरबसल्या पाहता येईल, असा ठराव मार्चच्या सभेत झाला.

मागच्या आठवड्यात मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणारी एक मुलगी आली आणि तिने शिरवाडकरांची नाटके मागितली. मी यादीत 'वि. वा. शिरवाडकर' असे लिहून शोधले, तेव्हा चार पुस्तके मिळाली. आमच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र कपाटातून अकरा काढून आणली. उरलेली सात यादीत होतीच, परंतु कोणी 'वि.वा.शिरवाडकर' असे जागा न सोडता लिहिले होते, कोणी 'शिरवाडकर वि वा', कोणी 'शिरवाडकर विष्णू वामन', आणि एका ठिकाणी नुसते 'शिरवाडकर'. कविता तर 'कुसुमाग्रज' या नावाखाली वेगळ्याच होत्या. तीन वर्षांचे श्रम कागदावरून संगणकावर आले, पण पुस्तक सापडण्यासाठी अजूनही बाईंच्या स्मरणशक्तीवरच विसंबावे लागते, हे पाहून मन खट्टू झाले.

मेटाडेटाची, म्हणजे पुस्तकाविषयीच्या माहितीची, प्रमाणके वापरावीत असे सगळीकडे वाचायला मिळते. डब्लिन कोअर घ्यावे की मार्क, आमच्या एक्सेलचा उपयोग होईल की सर्व पुन्हा करावे लागेल, आणि शके छापलेल्या पुस्तकांच्या वर्षाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

दाखलनोंद | १५ जून, सकाळी ७.३५

ओसरीताई, महाविद्यालयीन ग्रंथालयात एकतीस वर्षे तालिकाकरण, म्हणजे ग्रंथसूचीच्या नोंदी, केल्यावर निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी ओळखीचा वाटला. एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही कोणतेही प्रमाणक निवडले असते तरी ती सात पुस्तके हरवलीच असती. प्रमाणक कप्पे देते. कप्प्यात काय आणि कोणत्या रूपात ठेवायचे, हा निर्णय आपल्याला करावा लागतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. तुमच्याकडे कप्पा होता, निर्णय नव्हता.

तरीही कप्प्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मार्क हे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. कार्डावरची नोंद यंत्राला वाचता यावी आणि एका ग्रंथालयाने केलेले काम दुसऱ्याला जसेच्या तसे घेता यावे, हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकन आणि कॅनडाच्या आवृत्त्या एकत्र होऊन १९९९ मध्ये मार्क २१ झाले आणि आज जगभर मोठ्या प्रमाणावर तेच चालते. त्यात प्रत्येक गोष्टीला तीन अंकी क्रमांकाचा रकाना असतो: १०० मध्ये मुख्य कर्ता, २४५ मध्ये शीर्षकपृष्ठावरचे ग्रंथनाम, २६४ मध्ये प्रकाशन, ६५० मध्ये विषय, ७०० मध्ये संपादक, अनुवादक यांसारखे इतर कर्ते.

डब्लिन कोअरचा जन्म मार्च १९९५ मधल्या एका कार्यशाळेत झाला. ती आयर्लंडच्या डब्लिनमध्ये झाली असे अनेकांना वाटते, पण हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले आहे. इंटरनेटवरची साधने ग्रंथपाल नसलेल्या माणसालाही नोंदवता यावीत, म्हणून त्यात अवघे पंधरा घटक ठेवले आहेत: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. यांतला एकही सक्तीचा नाही आणि प्रत्येक कितीही वेळा वापरता येतो. २००३ पासून त्याला आयएसओ १५८३६ असा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. छायाचित्रे, स्मरणिका, स्कॅन केलेली मासिके यांसाठी ते चांगले चालते. परंतु साडेअकरा हजार छापील पुस्तके, त्यांची देवघेव आणि वाढत जाणारा संग्रह असेल तर मी निःशंकपणे मार्क सुचवेन, आणि त्यासाठी 'कोहा' ही मुक्त संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी ती बांधली गेली, जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि तिला परवाना शुल्क नाही. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे.

आता नावांकडे येतो. मार्कमध्ये पुस्तकाच्या नोंदीखेरीज नावाची स्वतंत्र नोंद करता येते, आणि माझ्या मते ग्रंथालयाची खरी संपत्ती तीच असते. तुमच्या उदाहरणासाठी ती अशी होईल:

मुख्य रूप (१००): शिरवाडकर, विष्णु वामन, १९१२–१९९९
इतर रूपे (४००): शिरवाडकर, वि. वा.; वि. वा. शिरवाडकर; शिरवाडकर, विष्णू वामन
हेही पाहा (५००): कुसुमाग्रज, १९१२–१९९९

वाचकाने यांपैकी कोणतेही रूप लिहिले तरी प्रणाली त्याला मुख्य रूपाकडे नेते. 'कुसुमाग्रज' हे चारशेत न घालता पाचशेत का घातले, असे तुम्ही विचाराल. लेखकाने जाणूनबुजून दोन नावांनी दोन प्रकारचे लेखन केले असेल, तर नियमांनुसार ती दोन स्वतंत्र नावे मानून एकमेकांना जोडतात. त्यांनी कविता कुसुमाग्रज म्हणून लिहिली आणि नाटके शिरवाडकर म्हणून. गडकऱ्यांचेही तसेच आहे: नाटककार राम गणेश गडकरी, कवी गोविंदाग्रज आणि विनोदी लेखक बाळकराम, अशी तीन नावे आणि त्यांच्यामध्ये 'हेही पाहा'चे दुवे. याउलट केशवसुत हे नाव कवितेपुरते एकच रूढ आहे; तेथे 'कृष्णाजी केशव दामले' हे चारशेत गेले तरी पुरते. जन्म-मृत्यूची वर्षे शोभेसाठी नसतात. आद्याक्षरे आणि आडनाव सारखे असलेले दोन लेखक मराठीत पावलोपावली भेटतात, आणि त्यांना वेगळे करणारी खूण बहुधा तेवढीच असते.

कळफलक | १५ जून, रात्री ११.०५

दाखलनोंद यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन देऊन एक असा अडथळा सांगतो, जो डोळ्यांना दिसतच नाही. मी बंगळुरूमध्ये शोधयंत्रणांवर काम करतो, आणि मराठी सूचींमधला निम्मा त्रास अक्षरांच्या पोटात दडलेला असतो असा माझा अनुभव आहे.

वरच्या प्रतिसादात 'ॲव्हरम' हे नाव आले आहे. त्यातले पहिले अक्षर दोन प्रकारे टंकता येते. एक म्हणजे युनिकोडमधले, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकातले, ०९७२ या क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर. दुसरे म्हणजे 'अ' या ०९०५ क्रमांकाच्या अक्षरावर ०९४५ हे अर्धचंद्राचे चिन्ह. स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदी दुसऱ्या पद्धतीनेच झालेल्या असतात, आणि आजही सर्व कळफलक एकच पद्धत वापरत नाहीत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत, आणि वेगवेगळ्या प्रकारे टंकलेली समान अक्षरे एकरूप करण्याच्या युनिकोडच्या नेहमीच्या प्रक्रियेतही ते एकरूप होत नाहीत.

'दुसऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतल्या अर्ध्या 'र'चेही तसेच आहे. काही कळफलक नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त असे टंकतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. त्यामुळे दोन मुलांनी एकाच शीर्षकपृष्ठावरून, एकही चूक न करता टंकलेले ग्रंथनाम एकमेकांशी जुळत नाही. याला मुलांचा काहीही दोष नाही. नोंदी प्रणालीत घेण्याआधी सर्व माहितीवर एकदा रूपांतराचा नियम चालवावा आणि तोच नियम शोधपेटीतल्या शब्दालाही लावावा, एवढाच उपाय आहे. कोहा बसवून घेताना शोधासाठी आयसीयू ही युनिकोडची सोय सुरू करून घ्यायला विसरू नका. ती नसेल तर देवनागरी शब्द भलत्याच ठिकाणी तुटतात आणि मग दोष मराठीला दिला जातो.

तुमच्या यादीतला काही भाग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असण्याचीही शक्यता आहे. फॉन्ट बदलल्यावर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गुंता दिसू लागला, तर त्या ओळी आताच बाजूला काढा.

लेखनाच्या जुन्या पद्धतीचा विचार तर करावाच लागेल. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, परंतु तुमच्या दोन हजार जुन्या पुस्तकांवर ते छापलेले आहेत. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हे नाव शीर्षकपृष्ठावर अनुस्वारांसह आहे, आणि आजचा विद्यार्थी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' असेच टंकणार. छापलेले रूप 'सुधारू' नये, कारण ते त्या काळाचा पुरावा आहे. ते २४५ मध्ये जसेच्या तसे ठेवावे आणि आजचे रूप २४६ या पर्यायी ग्रंथनामाच्या रकान्यात लिहावे. जे छापले आहे त्याला एक जागा आणि जे शोधले जाईल त्याला दुसरी, हे तत्त्व पाळले की अर्ध्याहून अधिक वाद मिटतात असे मला वाटते.

बाडरुमाल | १६ जून, दुपारी ३.२०

कळफलक यांचे शेवटचे वाक्य सनावळीलाही तंतोतंत लागू पडते, म्हणून लिहीत आहे. मी मोडी कागदपत्रे आणि हस्तलिखितांच्या नोंदी करते.

ओसरीताई, तुमच्या यादीत 'वर्ष' या रकान्यात १८१४ असे कुठे दिसते का, ते पाहा. पुष्कळ वेळा ते शके असते. शके १८१४ म्हणजे इसवी सन १८९२-९३. पण यादीत नुसता आकडा आला की ते पुस्तक पेशवाई बुडण्याआधी चार वर्षे छापले गेले असे ठरते, आणि एखादा अभ्यासक तेवढ्यासाठी एसटीने तुमच्या गावापर्यंत येतो. शकात ७८ मिळवावेत हे सर्वांना ठाऊक असते, परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. महिना छापलेला नसेल तर आपल्याला निश्चित एक वर्ष सांगताच येत नाही आणि तसा आव आणू नये. प्रकाशनाच्या रकान्यात 'शके १८१४ [१८९२ किंवा १८९३]' असे लिहावे. चौकोनी कंसाचा अर्थ ही माहिती पुस्तकावर नाही, नोंद करणाऱ्याने घातली आहे. मार्कच्या ००८ या ठरावीक लांबीच्या रकान्यात वर्ष अनिश्चित असल्याची खूण करून दोन्ही वर्षे देता येतात, त्यामुळे कालानुक्रमाने लावतानाही पुस्तक योग्य ठिकाणी येते. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या प्रमाणकाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या भागातही अशा अनिश्चित तारखांची सोय झाली आहे. आमच्या मोडी कागदांत शुहूर सन ही वेगळी कालगणना असते. त्याचे वर्ष मृगाला बदलते आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. तेथेही पद्धत हीच: कागदावरचे वर्ष जसेच्या तसे, आणि आपला हिशेब कंसात.

दुसरा मुद्दा भाषा आणि लिपी यांचा. 'भाषा' या एकाच रकान्यात 'मोडी' असे लिहिलेले मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याचे आता वाईट वाटते. मोडी ही लिपी आहे. भाषा मराठीच असते. भाषेसाठी आयएसओ ६३९ मध्ये मराठीला 'एम-ए-आर' ही तीन अक्षरी खूण आहे, आणि लिप्यांसाठी आयएसओ १५९२४ हे वेगळे प्रमाणक आहे, ज्यात देवनागरी, मोडी आणि रोमन यांना स्वतंत्र खुणा आहेत. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्येही आहे. मार्कमध्ये लिपीची टीप ५४६ या रकान्यात देता येते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते गोव्याच्या उदाहरणावरून दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, ते रोमन लिपीत. भाषा मराठी आणि लिपी रोमन, अशी त्याची नोंद झाली तरच मराठीतल्या जुन्या छापील ग्रंथांचा शोध घेणाऱ्याला ते सापडेल. लिपी पाहून कोणी भाषा ठरवली, तर मराठीच्या मुद्रणाच्या इतिहासातले एक पहिले पान तिच्याच सूचीतून गळून पडेल. तंजावरच्या सरस्वती महालातले मराठी कागद आहेत तमिळनाडूमध्ये आणि आहेत मोडीतही. त्यांना मराठीच्या सूचीशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे ही तीन अक्षरांची भाषाखूण.

ओसरी | १८ जून, रात्री ८.४५

सर्वांचे मनापासून आभार. वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून काल-परवा ग्रंथपाल बाई आणि मी दोन कामे करून पाहिली.

पहिले म्हणजे एक्सेलमधला लेखकाचा रकाना अकारविल्हे लावला आणि 'ग'पासून 'ज'पर्यंतची नावे वाचून काढली. ४१२ वेगवेगळी रूपे होती. प्रत्यक्षातली माणसे मोजली तेव्हा २६० भरली. एका संपादकांचे नाव तर नऊ प्रकारांनी लिहिलेले सापडले. 'संपा.', 'अनु.', 'प्रस्तावना' हे सर्व लेखकाच्याच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबलेले आहे, हेही तेव्हाच लक्षात आले.

दुसरे म्हणजे १८५० च्या आधीचे वर्ष दाखवणाऱ्या सर्व नोंदी गाळून काढल्या. त्या ३७ निघाल्या. बाईंनी ती पुस्तके एकेक करून खाली उतरवली. ३४ पुस्तकांवर स्पष्ट 'शके' छापलेले आहे आणि उरलेल्या तिघांचे वर्ष टंकताना चुकले आहे. म्हणजे आमच्याकडे १८५० पूर्वीचे एकही पुस्तक नाही. ही गोष्ट कळल्यावर थोडे वाईट वाटले, पण खरे काय ते कळले याचे समाधान अधिक आहे.

आता दोन प्रश्न आहेत. एकाच ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या असतील तर काय करावे? आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या चौदा प्रती आहेत आणि त्यांतल्या तीन 'भावार्थदीपिका' या नावाने नोंदल्या गेल्या आहेत. आणि विषयाचा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता, तो आता कसा भरावा?

शनिवारची शाळा | १९ जून, पहाटे ४.५०

मी न्यू जर्सीत मुलांना मराठी शिकवते. ज्ञानेश्वरीचा विषय निघाला म्हणून दुसऱ्या टोकाकडचा अनुभव सांगते.

इथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तके चांगल्या संख्येने आहेत, पण आमच्यापैकी अनेकांना ती सापडत नाहीत. आपण ज्ञानेश्वरांचे नाव रोमन लिपीत लिहिताना सहजपणे 'डी-एन-वाय' असे सुरू करतो, कारण मराठीत 'ज्ञ'चा उच्चार तसा आहे. इथल्या सूचींमधले लिप्यंतर मात्र एका ठरलेल्या तक्त्यानुसार होते. त्यात 'ज्ञ' हा 'ज' आणि 'ञ' यांचा संयोग मानून 'जे' या अक्षराखाली जातो, 'च'साठी नुसता 'सी' येतो, आणि मराठी शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा 'अ'सुद्धा लिहिला जातो, त्यामुळे 'इतिहास'च्या शेवटी आणखी एक 'ए' असतो. तक्ता काटेकोर आहे आणि त्यामागचा विचारही मला पटतो, पण तो वाचकाला कोणी सांगत नाही. मला तो कळायला चार वर्षे लागली, आणि तोपर्यंत माझ्या घरापासून वीस मिनिटांवर असलेली पुस्तके मी भारतातून मागवत होते.

तुम्ही नवीन सूची करत आहात तर मूळ नोंद देवनागरीतच ठेवा, आणि जमल्यास लेखकाच्या नावाचे रूढ रोमन रूप, म्हणजे माणसे खरोखर जसे टंकतात तसे, इतर रूपांमध्ये घाला. आमची मुले मराठी बोलतात आणि वाचतातही, पण टंकतात मात्र रोमनमध्ये. त्यांना तेवढ्यानेच दार उघडेल.

दाखलनोंद | १९ जून, सकाळी ८.१५

शनिवारची शाळा यांनी सांगितलेल्या अडचणीसाठी मार्कमध्ये ८८० हा रकाना आहे. एका लिपीतल्या रकान्याचे दुसऱ्या लिपीतले रूप त्यात समांतर ठेवता येते. त्यांची सूचना मात्र अधिक सोपी आहे: रूढ रोमन रूप नावाच्या नोंदीत ४०० मध्ये एकदाच घातले की त्या लेखकाच्या सर्व पुस्तकांना पुरते.

ओसरीताई, तुम्ही मांडलेला ज्ञानेश्वरीचा प्रश्न तालिकाकरणातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये चार पातळ्यांची मांडणी केली आणि आजचे नियम तिच्यावर उभे आहेत. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी ही 'कृती'. तिचा मूळ मराठी पाठ, एखादे आधुनिक मराठी रूपांतर, इंग्रजी भाषांतर ही तिची 'अभिव्यक्ती'. एखाद्या प्रकाशकाने एखाद्या वर्षी छापलेली आवृत्ती हे 'प्रकटीकरण'. आणि तुमच्या कपाटातली, पहिल्या पानावर देणगीदाराचा शिक्का असलेली प्रत ही 'वस्तू'. तुमच्या एक्सेलमध्ये या चारही पातळ्या एकाच ओळीत मिसळल्या आहेत, कारण दाखल नोंदवही मुळात वस्तूंची असते. तिचे काम मालमत्ता मोजण्याचे आहे, ग्रंथ शोधून देण्याचे नाही. कृती एकत्र आणण्यासाठी २४० या रकान्यात सर्व प्रतींना 'ज्ञानेश्वरी' हे एकच प्रमाण ग्रंथनाम द्या आणि 'भावार्थदीपिका' हे त्याचे पर्यायी नाव म्हणून जोडा. २४५ मध्ये प्रत्येक पुस्तकावर जे छापले आहे तेच राहील. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती असतील तर नोंद एक आणि तिच्याखाली दोन दाखल क्रमांक.

जाता जाता वर्णक्रमाबद्दल एक सूचना. आमच्या कार्डांच्या कप्प्यांत 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी, 'ह' आणि 'ळ' यांच्या नंतर येत, आणि वाचक हात थेट शेवटच्या कप्प्याकडे नेत असे. संगणक केवळ अक्षरक्रमांक पाहून लावू लागला तर 'ज्ञानेश्वरी' मधेच 'ज'मध्ये जाऊन बसते. प्रणाली बसवणाऱ्याला मराठी वर्णक्रम लावायला आवर्जून सांगा.

विषयाबाबत घाई नको. ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते. त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक आणि ३ लावला की कथा-कादंबरी. तुमच्या संग्रहाचा बराचसा भाग एवढ्यानेच मार्गी लागेल. उरलेल्यांसाठी मराठी विषयशब्दांची दोन-तीनशेची यादी स्वतः करा, पण ती बंद यादी असू द्या. 'शेती', 'कृषी' आणि 'शेतकी' हे तिन्ही शब्द आपापल्या मर्जीने वापरले गेले, तर विषयाचा रकाना असून नसल्यासारखा होईल. एक शब्द मुख्य ठरवा आणि इतर दोन तेथे वळवा. शिरवाडकरांच्या नावासाठी केले तेच.

कळफलक | १९ जून, रात्री १०.३०

आधी डब्लिन कोअर की मार्क असा प्रश्न होता. प्रत्यक्षात तुम्हाला दोन्ही लागतील, पण वेगवेगळ्या वेळी. नोंदी मार्कमध्ये कराव्यात आणि बाहेर देताना डब्लिन कोअरमध्ये द्याव्यात.

संग्रहांनी आपला मेटाडेटा एकमेकांना देण्यासाठी ओएआय-पीएमएच नावाचा संकेत आहे. त्याची २.० ही आवृत्ती २००२ मधली असून ती अजूनही चालू आहे. त्यानुसार प्रत्येक संग्रहाने निदान साध्या डब्लिन कोअरमध्ये नोंदी उपलब्ध करून द्याव्या लागतात, आणि कोहात ही सोय आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारखे प्रकल्प ठिकठिकाणचा मेटाडेटा असाच गोळा करून एका शोधपेटीत आणतात. पुस्तके आपापल्या जागीच राहतात. विद्यापीठांचे प्रबंध ठेवणारे गांधीनगरचे 'शोधगंगा' डीस्पेस या प्रणालीवर चालते, आणि तिचाही पाया डब्लिन कोअरचाच आहे.

मात्र मार्ककडून डब्लिन कोअरकडे जाताना माहिती गाळली जाते. ७०० मधला अनुवादक आणि संपादक दोघेही 'सहयोगी' होतात आणि कोणी काय केले ते पुसले जाते. ४०० मधली नावाची इतर रूपे तर बाहेर जातच नाहीत. मार्कमधून डब्लिन कोअर केव्हाही करता येते, पण उलट दिशेने जाता येत नाही, कारण गाळून गेलेले परत आणायचे कोठून? म्हणून मूळ नोंद शक्य तेवढी तपशीलवार असावी.

रोमन लिप्यंतर कोणताही तक्ता न पाळता केले तर काय होते याचा मला पुरेसा अनुभव आहे. एका मोठ्या अंकीय संग्रहात मी एक मराठी चरित्र शोधत होतो. 'चरित्र' हा एकच शब्द तेथे सहा प्रकारच्या रोमन स्पेलिंगमध्ये होता आणि लेखकाच्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिलेले होते, तर स्कॅनच्या तिसऱ्या पानावर लेखकाचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. तीनशे पाने स्कॅन करणाऱ्याने ते एक पान वाचून टंकले असते तर त्या पुस्तकाला वाचक मिळाले असते.

ओसरी | २२ जून, संध्याकाळी ६.१५

आज कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव झाला. कोहा घ्यायचे, पण नोंदी चढवण्याआधी सहा महिने फक्त नावांचे काम करायचे. त्यासाठी ग्रंथपाल बाईंनी एक शंभर पानी वही घातली आहे. डाव्या पानावर मुख्य रूप आणि उजव्या पानावर मुलांनी टंकलेली सर्व रूपे, अशी तिची मांडणी आहे. शके असलेल्या पुस्तकांना कपाटातच पिवळी चिठ्ठी लावली आहे. ज्या मुलांनी यादी टंकली होती त्यांच्यापैकी पाच जण शनिवारी दुपारी यायला तयार आहेत. तुमचे काम वाया गेले नाही, त्याच्यावरच पुढचे उभे राहणार आहे, असे बाईंनी त्यांना बसवून समजावून सांगितले.

आज 'ज्ञानेश्वरी' उतरवताना एका प्रतीत आतल्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलेले सापडले. कोणा एका स्त्रीने ही पोथी आपल्या सासूबाईंच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला दिली आहे आणि खाली 'श्रावण शुद्ध ५, शके १८५३' अशी मिती आहे. हे नोंदवण्यासाठी मार्कमध्ये काही जागा आहे का? आमच्या सात रकान्यांत ते कोठेच बसत नाही.

दाखलनोंद | २२ जून, रात्री ९.००

आहे. रकाना ५६१, मालकीचा आणि हस्तांतराचा इतिहास. वाक्य जसे लिहिले आहे तसेच उतरवा, तिथीसुद्धा तशीच, आणि पुढे चौकोनी कंसात १९३१ लिहा. श्रावण असल्यामुळे येथे ७८ मिळवण्यात काही शंका नाही. ही टीप आवृत्तीची नसून त्या एका प्रतीची आहे, म्हणून तिच्यासोबत दाखल क्रमांक द्यायला विसरू नका. आणि पान नाजूक झाले असेल तर चिठ्ठी लावण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.